बाभळीचं नाव ऑस्ट्रेलियाला कसं गेलं

जुलै २००५, व्हिएन्ना. आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषद साधारण दर सहा वर्षांनी भरते आणि तिच्या आधी काही दिवस वनस्पतींच्या नावांचे नियम ठरवणारी वेगळी बैठक चालते. एरवी तिथे लॅटिन प्रत्यय आणि पोटकलमं यांचा कीस पाडला जातो, आणि बाहेरच्या जगाला त्याचा पत्ताही नसतो. त्या वर्षी मात्र सभागृहात सरळ दोन तट पडले होते. एका प्रस्तावावर मतदान झालं. विरोधात ५४.९ टक्के, बाजूने ४५.१ टक्के. प्रस्ताव मंजूर झाला.

ही छपाईची चूक नाही. आकडे असेच होते आणि निकालही असाच लागला. या निकालाने ‘अकेशिया’ हे नाव बाभळीकडून काढून ऑस्ट्रेलियातल्या झाडांच्या हवाली केलं. आपली बाभूळ आता ‘व्हॅचेलिया निलोटिका’ आहे, खैर ‘सेनेगालिया कॅटेचू’ आहे, आणि शाळेच्या पुस्तकात पाठ केलेलं ‘अकेशिया अरेबिका’ तर दुहेरी कालबाह्य झालं आहे. शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या काटेरी झाडाचं नाव मतपेटीतून कसं बदललं, हे समजायला अडीचशे वर्षं मागं जावं लागतं. एका अर्थी दोन हजार वर्षं.

पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने आपल्या औषधी ग्रंथात नाईल नदीच्या देशातल्या एका काटेरी झाडाला ‘अकाकिया’ म्हटलं. ग्रीक भाषेत ‘अकिस’ म्हणजे अणकुचीदार टोक. ते झाड म्हणजे बाभूळ. तेव्हा नावावर पहिला हक्क कुणाचा, हा प्रश्न त्या काळात उद्भवलाच नसता. १७५३ मध्ये लिनियसने मात्र बाभळीला लाजाळूच्या घरात टाकलं आणि ‘मिमोसा निलोटिका’ म्हटलं. पुढच्याच वर्षी लंडनच्या चेल्सी इथल्या औषधी बागेचा प्रमुख फिलिप मिलर याने आपल्या बागकोशात ‘अकेशिया’ हा वंश वेगळा काढला. १८०६ मध्ये बर्लिनच्या विल्डेनोने लिनियसच्या अस्ताव्यस्त मिमोसाचे पाच वंश केले. ‘अरेबिका’ हे बाभळीचं नाव त्याच्याच पुस्तकातून रूढ झालं आणि शतकभराने थिओडोर कुकच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथापर्यंत टिकलं. ‘अकेशिया निलोटिका’ ही जोडी पक्की केली ती देलील याने. नेपोलियनच्या इजिप्त स्वारीत फौजेबरोबर जे विद्वान गेले होते, त्यांच्यातला हा वनस्पतिशास्त्रज्ञ.

इथवर झाडं मोजकी होती. पण ब्रिटिश जहाजं ऑस्ट्रेलियाहून वाळवलेल्या फांद्यांचे गठ्ठे आणू लागली आणि अकेशियाचं घर भरत गेलं.

ते घर आवरायला बसला जॉर्ज बेंथम. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमचा हा पुतण्या. शिक्षणाने वकील, पण मन रमलं वाळक्या पानाफुलांत. ऑस्ट्रेलियाच्या वनस्पतींवर त्याने सात खंड लिहिले आणि त्या खंडावर पाऊल कधीच ठेवलं नाही. लंडनच्या क्यू उद्यानात येणारे नमुने भिंगाखाली धरून वकिली काटेकोरपणाने तो निवाडे देत असे. १८४२ मध्ये त्याने अकेशियाची व्याख्या केली, ती फुलातल्या पुंकेसरांवरून. बाभळीच्या पिवळ्या गोंड्यातलं एकेक फूल सुटं करून पाहिलं तर पाकळ्या नावापुरत्या असतात. गोंडा दिसतो तो पुंकेसरांचा. बेंथमचा नियम सुटसुटीत होता. पुंकेसर दहा किंवा कमी असतील तर झाड लाजाळू आणि शमीच्या गटातलं. पुष्कळ असून बुडाशी जुळून त्यांची नळी झाली असेल तर शिरीषाच्या गटातलं. पुष्कळ आणि सुटे असतील तर अकेशिया. या एका चाळणीतून आफ्रिकेची छत्रीसारखी झाडं, आपली बाभूळ आणि खैर, मेक्सिकोची झुडपं आणि ऑस्ट्रेलियातली वॅटल ही सगळी एकाच टोपलीत पडली.

बेंथमला यात काही खटकलं नसेल असं म्हणवत नाही. १८७५ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्याने या टोपलीचे सहा कप्पे केले. बाभळीसारखी, पानाच्या बुडाशी दोन सरळ काटे असलेली झाडं एका कप्प्यात. खैरासारखी, आकडेदार काट्यांची दुसऱ्यात. पान नसून पानाचा देठच चपटा होऊन पानाचं काम करतो अशी ऑस्ट्रेलियन झाडं तिसऱ्यात. खोल्या त्याने जवळपास बरोबर पाडल्या. फक्त सगळ्यांच्या दारावर पाटी एकच ठेवली.

काट्यांतला हा फरक दिसतो त्याहून खोल आहे. बाभळीचे काटे म्हणजे पानाच्या बुडाशी असणारी उपपर्णं, कडक झालेली. खैराचे आकडे ही निव्वळ सालीची वाढ. दोन्ही बोचतात, पण एक अवयव बदलून झालेला आणि दुसरा वरून उगवलेला. गवंडी आणि कुंभार दोघांच्या हातात थापी असते म्हणून ते भाऊ ठरत नाहीत.

बेंथमच्या ग्रंथाच्या आदल्याच वर्षी, १८७४ मध्ये, एका खाण अभियंत्याचं पुस्तक लंडनमध्ये निघालं होतं. थॉमस बेल्ट निकाराग्वात सोन्याच्या खाणीवर नोकरीला होता आणि फावल्या वेळात किडे, पक्षी, झाडं न्याहाळत असे. तिथे त्याला एक बाभूळ भेटली. तिचे काटे बैलाच्या शिंगांसारखे फुगलेले आणि आतून पोकळ, आणि आत मुंग्यांचं बिऱ्हाड. पानाच्या देठावर एक वाटीसारखी ग्रंथी, तिच्यातून गोड रस पाझरतो. पर्णिकांच्या टोकांना बारीक पिवळे दाणे, ते मुंग्या तोडून पिल्लांना भरवतात. बेल्टने निष्कर्ष काढला की झाडाने पगारी फौज ठेवली आहे: राहायला घर, प्यायला मकरंद, खायला दाणे, आणि बदल्यात पानं कुरतडणाऱ्या किड्यांचा बंदोबस्त. हे दाणे आजही त्याच्याच नावाने ओळखले जातात.

फुलाबाहेरचा मकरंद कशासाठी, यावर त्या काळात चांगलाच वाद होता. झाड नको असलेली साखर बाहेर टाकतं, असं मानणारे बरेच होते. इटलीचा फेदेरिको देल्पिनो मुंग्यांच्या बाजूने बोलत होता. पण प्रयोग करून वाद मिटवायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. डॅनियल जॅन्झेन या अमेरिकन तरुणाने मेक्सिकोत जाऊन काही बाभळींवरच्या मुंग्या हटवल्या आणि काहींवर राहू दिल्या. मुंग्या गेलेल्या झाडांची पानं किड्यांनी फस्त केली, वेलींनी त्यांना वेढलं, वाढ खुंटली. फौज असलेली झाडं डौलात उभी राहिली. बेल्टचा अंदाज खरा ठरला. १९६६ मध्ये जॅन्झेनचा निबंध छापून आला आणि प्राणी व वनस्पती यांच्या सहजीवनाच्या अभ्यासात तो आजही पहिल्या धड्यासारखा सांगितला जातो.

त्याची पुढची कडी तर अधिक रंजक आहे. २००५ मध्ये मार्टिन हाइल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या झाडांच्या मकरंदात नेहमीची साखर, म्हणजे सुक्रोज, जवळपास नसतेच. झाड स्वतःच इन्व्हर्टेज हे विकर मिसळून ती आधीच फोडून ठेवतं. भटक्या मुंग्यांना असा मकरंद फारसा भावत नाही. झाडावर राहणाऱ्या कामकरी मुंग्यांना तोच लागतो, कारण सुक्रोज पचवणारं विकर त्यांच्या पोटात चालत नाही. का चालत नाही, याचं उत्तर २०१४ मध्ये मिळालं: मकरंदातलंच एक प्रथिन मुंगीचं ते विकर बंद पाडतं. एकदा तिथलं जेवण घेतलं की दुसरीकडचं पचणार नाही, अशी ही खानावळ. बेल्टची पगारी फौज इथे वेठबिगारीच्या बरीच जवळ येते.

देठावरची ही वाटी बघायला निकाराग्वाला जायची गरज नाही. बाभळीचं कोवळं पान हातात घेतलं की देठावर बारीक उंचवटा दिसतो, तीच ती ग्रंथी. टाकळ्याच्या, तरवडाच्या पर्णिकांच्या जोड्यांमध्येही अशाच ग्रंथी असतात. आपल्या बाभळीचे काटे पोकळ नाहीत, म्हणून मुंग्यांना इथे बिऱ्हाड नाही. येऊन चाटून जातात एवढंच.

आता यातली गोम अशी की ही ग्रंथी बाभळीतही आहे, खैरातही आणि ऑस्ट्रेलियाच्या वॅटलमध्येही. तेव्हा ती पाहून तिघं एकाच वंशाची म्हणावीत का? ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय फूल असलेल्या सोनेरी वॅटलने या ग्रंथीचा जो उपयोग केला आहे तो पाहण्यासारखा आहे. तिच्या फुलांत मकरंद नाही. तो आहे चपट्या देठाच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीत. फुलोरा शेजारीच. पक्षी ग्रंथीतला रस प्यायला येतात आणि गोंड्यांवर अंग घासलं जाऊन परागकण घेऊन जातात. अमेरिकेत ज्या वाटीने फौज पोसली, तिनेच इथे फुलाची उणीव भरून काढली. अवयव एकच, नोकऱ्या दोन. शेंगांच्या या सगळ्या शाखेत ही ग्रंथी फार जुन्या पूर्वजांकडून आलेली आहे. लाजाळूची अनेक भावंडं, शिरीष, विलायती चिंच, सगळ्यांच्या पानांवर ती कुठे ना कुठे सापडते. आजोबांचं नाक सगळ्या नातवंडांना आलं असेल तर सख्खे कोण आणि चुलत कोण, हे नाकावरून कळत नाही.

फुलाची साक्षही तितकीच फसवी निघाली. गोंड्यातल्या फुलांचं काम एकच: परागकण पुढे करणं. पाकळ्या लहान होतात, पुंकेसर वाढतात, अनेक फुलं मिळून एका फुलासारखी दिसतात. या झाडांचे परागकण सुटे नसतात. आठ, सोळा किंवा अधिक कणांचा एक गठ्ठा असतो आणि फुलाच्या कुक्षीवर अशा एकाच गठ्ठ्यापुरती जागा असते. एक गठ्ठा पोचला की शेंगेतल्या सगळ्या बीजांडांची सोय झाली. या गठ्ठ्यांचा मोठा अभ्यास ज्या ग्रंथात आहे, तो भारतातूनच निघाला: फिलिप गिने यांचा १९६९ चा ग्रंथ, पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने छापलेला. परागकणांच्या आवरणावरची छिद्रं आणि खाचा पाहता बाभळीचा गट एकीकडे पडत होता आणि खैर दुसरीकडे. मग तूलूजच्या झाक व्हासाल यांनी बिया आणि रोपं तपासून १९७२ मध्ये अकेशियाचे तीन उपवंश मांडले. क्वीन्सलँडच्या लेस पेडली यांनी १९८६ मध्ये त्यापुढे पाऊल टाकलं: हे उपवंश नाहीत, वेगवेगळे वंशच आहेत. नियमाप्रमाणे अकेशिया हे नाव बाभळीच्या गटाकडे राहील, आणि ऑस्ट्रेलियाच्या झाडांना ‘रेकोस्पर्मा’ म्हणावं लागेल.

पेडली स्वतः ऑस्ट्रेलियन. देशबांधवांना हे नाव अजिबात रुचलं नाही. वॅटल त्यांच्या राजचिन्हावर आहे, खेळाडूंच्या हिरव्या-सोनेरी गणवेशात तिचा रंग आहे, दर १ सप्टेंबरला तिचा दिवस साजरा होतो. रेकोस्पर्मा कपाटात पडून राहिलं.

मग जनुकांची साक्ष आली. २००० च्या आसपास हरितलवकातल्या डीएनएची तुलना करून अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या वेगवेगळ्या गटांनी वंशावळी काढल्या. कॅनबेरात जोसेफ मिलर आणि रँडल बेयर यांनी केलेलं काम त्यांत महत्त्वाचं. निष्कर्ष सगळ्यांचा एकाच दिशेने जात होता. बाभूळ लाजाळू-शमीच्या बाजूची. ऑस्ट्रेलियाच्या वॅटल शिरीष आणि विलायती चिंच यांच्या गोतावळ्यात, आणि खैरही बाभळीपेक्षा त्यांनाच जवळचा. ‘पुष्कळ आणि सुटे पुंकेसर’ या एका खुणेवर बेंथमने बांधलेलं घर दीडशे वर्षांनी कोसळलं. सुमारे १,३५० जातींच्या या ढिगातून पाच वंश निघाले. ऑस्ट्रेलियाच्या गटात साडेनऊशेच्या वर जाती, खैराच्या गटात दोनशेच्या आसपास, बाभळीच्या गटात सुमारे १६०. उरलेले दोन अमेरिकेतले, लहान.

नातं असं सापडलं. नाव मात्र सापडत नसतं, ते ठरवावं लागतं. आणि भांडण तिथे सुरू झालं.

वनस्पतींच्या नावांचा कायदा सांगतो की प्रत्येक वंशाचं नाव एका नमुना जातीला खिळलेलं असतं. वंश फुटला तर नाव त्या जातीबरोबर जातं. अकेशियाची नमुना जात नाईलची बाभूळ. म्हणजे सरळ हिशेबाने नाव बाभळीचं. पण कायद्यात एक पळवाटही आहे: फार गोंधळ होणार असेल तर समितीची शिफारस घेऊन नमुना जात बदलता येते. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाचे टोनी ऑर्चर्ड आणि ब्रूस मॅस्लिन यांनी नेमका हाच प्रस्ताव आणला. साडेनऊशे नावं बदलण्यापेक्षा बाभळीच्या गटातली सुमारे १६० बदलणं सोपं, हा त्यांचा युक्तिवाद. समितीत नऊ विरुद्ध सहा मतांनी तो तरला. व्हिएन्नातल्या बैठकीपुढे प्रश्न आला तो समितीची शिफारस फेटाळायची का, असा. आणि फेटाळायला साठ टक्के मतं लागतात असं ठरलं. ५४.९ टक्के जमली. पाच टक्क्यांनी बाभूळ हरली.

ऑस्ट्रेलियाच्या बाजूचा हिशेब खोटा नव्हता. पण त्यात एक गोष्ट धरलेली नव्हती. साडेनऊशे जाती मुख्यतः एका देशात, एका सरकारच्या, एका भाषेच्या पुस्तकांत आहेत. बाभळीचा गट आफ्रिका, अरबस्तान, भारत, अमेरिका एवढ्या मुलखात पसरलेला, आणि तिथल्या कितीतरी देशांकडे वनस्पतिसंग्रह सांभाळायलाही पुरेसे पैसे नाहीत. बदलाचा खर्च मोजताना जातींची संख्या मोजली गेली, देशांची नाही. आफ्रिकेतल्या अनेकांनी हा निर्णय मनाला लावून घेतला आणि सहा वर्षं निबंधांमागून निबंध आले. २०११ ची परिषद भरली ती, योगायोग पाहा, मेलबर्नमध्ये. तिथे स्पष्ट बहुमताने व्हिएन्नाचा निर्णय कायम राहिला. त्याच बैठकीत नव्या जातीचं वर्णन लॅटिनमध्येच करण्याची सक्तीही उठली.

बाभळीला मिळालेल्या नव्या नावात मात्र भारताचा धागा आहे. ‘व्हॅचेलिया’ हे नाव १८३४ चं, मद्रासमधल्या कंपनी सरकारच्या सेवेतला स्कॉटिश डॉक्टर रॉबर्ट वाइट आणि त्याचा सहकारी वॉकर-आर्नॉट यांनी द्वीपकल्पीय भारताच्या वनस्पतींवर लिहिलेल्या पुस्तकातलं. त्यांच्यापुढे होती देवबाभूळ. चीनमध्ये वनस्पती गोळा करणारा कंपनीचा पाद्री जॉर्ज व्हॅचेल याच्या सन्मानार्थ त्यांनी तिला वेगळा वंश दिला होता. कुणी तो मानला नाही. पावणेदोनशे वर्षं अडगळीत पडलेलं ते नाव धूळ झटकून काढावं लागलं, कारण बाभळीच्या गटासाठी उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं नाव तेच होतं.

२०१७ मध्ये शेंगांच्या सगळ्या कुळाचीच नव्याने सहा उपकुळांत मांडणी झाली. फुलाच्या ठेवणीवरून केलेली पळस-पांगारा, बहावा-गुलमोहर आणि बाभूळ-लाजाळू अशी तीन भागांची जुनी मांडणी गेली. पळस-पांगाऱ्याचा भाग टिकला. बाभळीचा भाग बहाव्याच्या घरात विलीन झाला. कांचन आणि आपटा वेगळे निघाले, चिंच आणि सीता अशोक आणखी वेगळे.

कोकणात आणि गोव्यात रस्त्याकडेला, डोंगरउतारांवर वन खात्याने लावलेली जी झाडं आहेत, विळ्यासारख्या चपट्या ‘पानांची’, काटे नसलेली, ती ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडची. लोक त्यांना नुसतं ‘अकेशिया’ म्हणतात आणि बांधावरच्या काटेरी झाडाला बाभूळ. व्हिएन्नानंतर ही बोली शास्त्राशी तंतोतंत जुळते.

अशीच फाटाफूट २०२२ मध्ये शमीच्या वंशात झाली. माळरान गिळणारी, अमेरिकेतून आलेली वेडी बाभूळ आजवर शमीच्या ‘प्रोसोपिस’ वंशात धरली जाई. तिला आणि तिच्या अमेरिकन भावंडांना ‘नेल्टुमा’ या वेगळ्या वंशात हलवण्यात आलं. जाती तिकडेच अधिक होत्या, पण या वेळी कुणी नमुना जात बदलायला निघालं नाही. लिनियसने १७६७ मध्ये तो वंश केला तेव्हा त्याच्यापुढे भारतातलंच झाड होतं. दसऱ्याला जिची पूजा होते त्या शमीचं शास्त्रीय नाव अजून ‘प्रोसोपिस सिनेरारिया’च आहे.